साठीच्या पुढचा दात

गुलाबी पेन्सिल संपली. जांभळी बोटभर उरली.

सांगली-तासगाव, फलाट क्रमांक तीन.

स्टीलची वाटी, वाटीत पाणी, पाण्यात दात. वर बशी, म्हणजे कुणी चटणी समजून उघडू नये.

एक जून.

घर आहे म्हणजे आत माणूस असणारच.

उजवीकडचा की डावीकडचा?

भडंगात शेंगदाणे असतात.

*

शेंगदाण्यापासून सुरू करते, कारण बिरनाळे साहेबांनी तो चावला आणि त्यांचा हात एकदम गालाला गेला.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. वरचा एक दात हलतोय."

"हलतोय?" अण्णांनी तो शब्द असा उचलला, जणू कुणाच्या तरी बांधावरचा दगड हललाय. माझे वडील जमीन मोजणीच्या कचेरीत होते. काहीही हललं की त्यांना आधी संशय यायचा.

आमच्या बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं होतो आणि चौथी आत चहा करत होती. ती कुमुदआत्या, अण्णांची धाकटी बहीण. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. आत्या महिनाभरासाठी म्हणून आली आणि मी दातांच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गेले तरी तो महिना संपलेला नव्हता. तासगावला मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. रोज एस.टी.नं जायची आणि यायची. आणि सदाशिव बिरनाळे हे सांगली स्टॅण्डवरचे कंट्रोलर, म्हणजे लाउडस्पीकरमधून गाड्या पुकारणारे गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आज ते आत्याला मागणी घालायला आले होते.

"वय काय म्हणालात?" अण्णांनी विचारलं.

"बावन्न."

"जन्मतारीख?"

"एक जून."

अण्णा खुर्चीत मागे रेलले. त्यांना हवं ते सापडलं होतं. "साहेब, एक जून ही जन्मतारीख नव्हे. ती मास्तरांची सोय. पोरगं शाळेत आणलं की मास्तर विचारणार, कधीचं? बाप सांगणार, म्हैस व्यायली त्या साली. मास्तर लिहिणार, एक जून. आमच्या कचेरीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत. त्या दिवशी जिल्ह्यातल्या बायकांनी दुसरं काही केलंच नाही."

"खरं आहे तुमचं," बिरनाळे साहेब म्हणाले. "मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, कडबा रचत होतो तेव्हा झालास."

"कोणत्या साली?"

"तेच तर. कडबा दरवर्षी रचतात."

मी हसले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, तशी मी भडंगाची बशी उगाच सरळ केली.

आत्या चहा घेऊन आली. तिनं कप साहेबांपुढे ठेवला आणि म्हणाली, "साखर कमी पडलीय बहुतेक."

"अगं, चाले..." साहेब थांबले. "चालेल हो. चालेल."

अण्णा तेव्हा बशीत चहा ओतत होते.

*

त्यांचं जमलं कसं, हे सगळ्या स्टॅण्डला माहीत होतं. फक्त आमच्या घरात माहीत नव्हतं.

आत्याला सकाळी वेळेवर निघणं कधीच जमलं नाही. माझा डबा, अण्णांचा डबा, मग तिचा स्वतःचा. ती धापा टाकत स्टॅण्डवर पोहोचायची तेव्हा तासगावची गाडी सुटायला हवी असे. पण ती सुटलेली नसे. लाउडस्पीकरमधून शांत, जाड आवाज यायचा, "सांगली-तासगाव गाडीच्या चालकाने नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा." चालक शिव्या घालत केबिनकडे जायचा. तिथे साहेब त्याला टायरबद्दल काहीतरी विचारायचे. तेवढ्यात आत्या खिडकीची जागा धरायची.

अशी काही वर्षं गेल्यावर एक दिवस चालकच वैतागून म्हणाला, "साहेब, बाईंना एकदा विचारून टाका. माझ्या टायरला काही झालेलं नाही."

*

पाहुणे गेल्यावर अण्णांनी निकाल दिला. "माणूस बरा आहे. बोलायला गोड आहे. पण वय लपवतोय. पन्नाशीच्या आतबाहेरचा असेल तर माझी ना नाही. साठीचा असेल तर मात्र नाही म्हणजे नाही. चार वर्षांत त्याची सेवा करत बसायला मी बहीण देणार नाही."

"मग ठरव," आत्या म्हणाली. "तू हो म्हणाल्याशिवाय मी या घरातून जाणार नाही, दादा. नाही म्हणालास तर विषय संपला, पुन्हा काढणार नाही. पण एक काहीतरी ठरव. 'बघू' म्हणत वर्षभर बसू नकोस."

"मोजल्याशिवाय मी सही करत नाही."

"मग मोज की. टेप आणू?"

ती कप उचलून आत गेली. अण्णांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "रोहे, ते मागं जेवताना सांगत होतीस ते पुन्हा सांग. दाताचं."

*

मागं जेवताना सांगितलेलं:

आम्हाला दाताची आतली रचना शिकवायला हुद्दार सर होते. दाताची आतली भिंत म्हणजे डेंटीन, आणि ते तयार करणाऱ्या पेशींना ओडोंटोब्लास्ट म्हणतात. सर त्यांच्याबद्दल असे बोलायचे, जणू त्या सरांच्याच वाड्यातल्या भाडेकरू आहेत आणि त्यांचं सगळं बरंवाईट सरांना ठाऊक आहे. मी तोच आवाज काढून आत्याला ऐकवत होते, कारण ती जेवण उरकून माझ्या जर्नलातली आकृती काढत होती. आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या आकृत्या गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीनं काढलेल्या असत. माझ्या तेवढ्या सुंदर असत.

"दाताच्या आत एक खोली असते," मी सांगत होते. "तिच्यात नस, रक्त, सगळं. खोलीच्या भिंतीला तोंड लावून या पेशी एका रांगेत उभ्या. प्रत्येकीची लांब शेपटी भिंतीतल्या नळीत. काम एकच. समोर भिंतीचा थर द्यायचा आणि स्वतः मागे सरकायचं. पुन्हा थर, पुन्हा मागे. माणूस जिवंत आहे तोवर."

"मग खोली लहान होत जाणार," आत्या पेन्सिलीला टोक काढत म्हणाली.

"होतेच. म्हातारपणी जवळजवळ बुजते."

"आणि यांना बाहेर पडता येत नाही?"

"कुठून पडणार? भिंत यांनीच घातली."

"सुट्टी?"

"नाही. बदली नाही, रिटायरमेंट नाही. एखादी मेली तर तिच्या जागी तशीच दुसरी येत नाही. सर म्हणतात, कामचलाऊ येते."

"मूर्ख आहेत मेल्या," आत्या म्हणाली. "एवढं कुणासाठी करतात?"

"दातासाठी."

"आणि दात काय म्हणतो?"

"दात काय म्हणणार?"

"तेच म्हणते मी."

अण्णांचा घास हातात तसाच राहिला होता. पण ते आत्याच्या बोलण्यामुळे नव्हे. "म्हणजे खोली किती बुजली ते मोजलं," ते म्हणाले, "तर माणसाचं वय निघेल?"

"निघतं. शिवाय मुळाकडचा भाग वयाबरोबर काचेसारखा होत जातो, त्यावरूनही कळतं. पण दात काढून, घासून, कागदासारखा पातळ करून मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो."

"अस्सं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी घास खाल्ला.

*

(इथे त्या आकृतीचं काय झालं ते सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल.

ती आकृती घासलेल्या दाताची होती. घासलेल्या दातात पेशी उरत नाहीत. त्या केव्हाच मेलेल्या असतात, दिसतात त्या फक्त रिकाम्या नळ्या. आत्याला ते माहीत नव्हतं. तिनं प्रत्येक नळीच्या तोंडाशी एकेक पेशी बसवली, गुलाबी अंग आणि जांभळं डोकं.

हुद्दार सरांनी जर्नल वर्गापुढे धरलं. "मिस मगदूम, दात दगडावर घासून घासून कागद केला, तरी ही मंडळी आत चहा पीत बसली आहेत?"

मी घरी येऊन आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "घर आहे म्हणजे आत माणूस असणारच. रिकामी घरं मला काढता येत नाहीत." तरी तिनं रबर घेतला आणि सगळ्या खोडल्या. कोपऱ्यातली एक राहिली.

"ही?"

"राहू दे. ती दार लावून घ्यायला थांबलीय.")

*

अण्णा कामाला लागले. दुसऱ्याच दिवशी ते स्टॅण्डवर गेले आणि बिरनाळे साहेबांच्या दाताची इतकी काळजी केली, की केबिनमधल्या बाकीच्या लोकांना वाटलं सोयरीक पक्की झाली.

"हलता दात तोंडात ठेवू नये, साहेब. आमची पोर दातांच्याच कॉलेजात आहे. रांगेत उभं राहावं लागणार नाही."

साहेब आले. खुर्चीत बसले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हिरडीनं दात सोडून दिलाय, बाकी कीड वगैरे काही नाही, काढलेला बरा. अण्णा दाराशीच उभे होते. सुई टोचायच्या आधीच म्हणाले, "दात टाकू नका हं. मुलीला अभ्यासाला लागतो."

हे मात्र खोटं नव्हतं. पहिल्या वर्षाची मुलं दातांची भीक मागत फिरतात. घासायला दात लागतात, ओळखायला दात लागतात. गावातल्या प्रत्येक डॉक्टरकडे आमच्या बरण्या ठेवलेल्या असत. माझी स्वतःची एक बरणी घरी खिडकीत होती. तिच्यात शेजारच्या काकूंची अक्कलदाढ होती, दूधवाल्याच्या दोन दाढा होत्या आणि दिवाळीत चकली खाताना पडलेला अण्णांचा दात होता. आत्यानं ती बरणी स्वयंपाकघरातून तीनदा बाहेर काढली होती.

"घेऊन जा बेटा," बिरनाळे साहेब सुन्न झालेल्या गालानं म्हणाले. "मला आता त्याचा काय उपयोग. अभ्यास चांगला कर."

मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. मी दाताकडे बघितलं. वरच्या जबड्यातली डावीकडची दुसरी उपदाढ. मी गॉझमध्ये गुंडाळून खिशात टाकली.

त्या दुपारी स्टॅण्डवर लोक वर बघायला लागले. लाउडस्पीकरमधून कुणीतरी तोंडात बटाटा धरून गाड्या पुकारत होतं.

*

काढलेला दात रात्रभर औषधाच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे चिकटलेलं सगळं सुटून येतं. मी तो स्टीलच्या वाटीत ठेवला आणि वर बशी झाकली.

"ही माझी चटणीची वाटी," आत्या म्हणाली.

"उद्या घासून देते."

"दात की वाटी?" तिनं बशी उचलून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "साहेबांचा का?"

मी गप्प राहिले. अण्णांनी मला शपथ घातली होती. पण आत्याच्या हाताखाली वाढलेल्या पोरीला गप्प राहून काही लपवता येत नाही.

"दादानं सांगितलं का, वय काढायला?"

"आत्या, मी नाही घासत. मी सांगेन, फुटला म्हणून."

"वेडी आहेस का? घास. नीट घास. चांगला पातळ कर. तुझ्या सरांनाही दाखव, दादाचा तुझ्या एकटीवर विश्वास बसायचा नाही." तिनं बशी पुन्हा झाकली. "मोजल्याशिवाय तो सही करणार नाही ना? मग होऊन जाऊ दे मोजणी."

*

दात घासणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. दात उभा चिरून एक अर्धा बाजूला ठेवायचा, मग फिरत्या दगडावर पाण्याची धार सोडायची आणि दुसरा अर्धा दोन बोटांत धरून टेकवायचा. आधी एका बाजूनं निम्मा जातो. मग दुसऱ्या बाजूनं. दाताबरोबर नखंही जातात. शेवटी काचेवर बारीक पूड घेऊन बोटाच्या टोकानं हळूहळू फिरवत बसायचं. त्याच्याआड वर्तमानपत्र धरलं आणि अक्षर दिसलं की झालं.

माझं झालं. मी आधी एकटीनंच पाहिलं. आतली खोली दोऱ्यासारखी उरली होती. मूळ अर्ध्यापर्यंत काच.

हुद्दार सर मायक्रोस्कोपवर वाकले. "वा," ते म्हणाले. "पहिल्यांदाच तुम्ही काहीतरी न तोडता आणलंत. कुणाचा?"

"ओळखीच्या एकांचा, सर."

"वरचा भाग बघा, सपाट झालाय. हा गृहस्थ दात खातो. झोपेत तरी, नाहीतर जागेपणी. वरून भिंत झिजायला लागली की आतल्या मंडळींची धावपळ उडते. ही बघा त्यांनी घाईत घातलेली भिंत, वेडीवाकडी. खोली बुजलेली. मूळ पारदर्शक. साठीच्या पुढचे असावेत." मग त्यांनी बोट उचललं. "असावेत म्हणालो. एका दातावरून निवाडा करायचा नसतो. दात खाणाऱ्याचा दात त्याच्या आधी म्हातारा होतो. कोणती बाजू?"

"डावी, सर."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग स्लाइडकडे बघितलं. मग काही न बोलता पुढच्या मुलाकडे गेले. डाव्या-उजव्याच्या बाबतीत त्यांनी माझा नाद परीक्षेच्या आधीच सोडला होता.

घरी अण्णा फाटकाशी उभे होते. "किती?"

"साठीच्या पुढे, पण सर म्हणाले की..."

"पण"च्या पुढचं ऐकायला अण्णा थांबले नाहीत. ते स्टॅण्डवर निरोप द्यायला निघाले. रविवारी संध्याकाळी या, म्हणावं. आणि जाता जाता आत डोकावून आत्याला म्हणाले, "या वेळी भडंग नको, कुमे. शिरा कर. म्हाताऱ्या माणसाला मऊ बरा."

*

रविवारी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बिरनाळे साहेब आले, बसले, जीभ रिकाम्या जागेत फिरवत राहिले. शिरा झाला. चहा झाला. आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"साहेब," अण्णा म्हणाले, "मी सरळ माणूस आहे. सरळ विचारतो. वय किती?"

"बावन्न. कडब्याचं धरून."

"रोहिणी, काच आण."

मी स्लाइड आणली. अण्णांनी ती दोन बोटांत धरून ट्यूबलाइटकडे नेली, कचेरीत नकाशा धरतात तशी. "हा तुमचा दात. हे मूळ. दिसतंय का, कसं आरपार झालंय? ही आतली खोली. म्हणजे होती. आता बुजली. कॉलेजातले सर काय म्हणाले, रोहिणी?"

"साठीच्या पुढचे असावेत म्हणाले. पण हेही म्हणाले की..."

"साठीच्या पुढचे!" अण्णा म्हणाले. "तुमचं तोंड खोटं बोलेल, तुमची शाळा खोटं बोलेल. दात खोटं बोलत नाही. असल्या दाताचा माणूस लग्नाला उभा राहतो, याची गंमत वाटते मला. हा दात तीर्थयात्रेला निघालेल्या माणसाचा आहे. याचा सगळा जोर संपलाय. याला आता दोन वेळचा मऊ भात आणि एक आरामखुर्ची पाहिजे."

बिरनाळे साहेब गोंधळलेले दिसले. "साठी? मग मी रिटायर कधी झालो?"

"तेच मी विचारतोय!"

"दादा," आत्या दारातून म्हणाली, "नीट बघितलंस ना?"

"नीट."

"खात्री आहे?"

"सरकारी मोजणी आहे असं समज."

आत्या आत गेली आणि कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी घेऊन आली. झाकण उघडून तिनं एक अख्खा दात तळहातावर घेतला आणि साहेबांपुढे धरला. "हा तुमचा. डावीकडचा. धुवून ठेवलाय." मग ती अण्णांकडे वळली. "तुझ्या हातात आहे तो तुझा. दिवाळीत चकली खाताना पडलेला. रोहिणीच्या बरणीत होता. त्या रात्री मी वाटीत बदलून ठेवला."

मी खिडकीकडे धावले. बरणी हलवली. काकूंची अक्कलदाढ होती, दूधवाल्याच्या दाढा होत्या. अण्णांचा दात नव्हता. मी आत जाऊन स्लाइड करताना उरलेला तुकडा कागदातून काढला, उजेडात धरला, फिरवला, पुन्हा फिरवला.

"उजवीकडचा आहे," मी म्हणाले.

"तुला आत्ता कळतंय," आत्या म्हणाली. "दोघांचीही वरची दुसरी उपदाढ. बाजू सोडली तर सख्खे भाऊ दिसतात. तुझ्या जर्नलात मी इतके दात काढलेत, मला कळणार नाही? तुला कळायला हवं होतं, पण तुझ्या भरवशावरच मी होते."

"मी चोपन्न वर्षांचा आहे!" अण्णा ओरडले.

"काच तर साठीच्या पुढे म्हणते."

"काच चुकते!"

"मग साहेबांच्या वेळी बरोबर कशी होती?"

अण्णांचे जबडे एकमेकांवर फिरल्याचा आवाज आला. तो आवाज आम्ही दोघी रोज रात्री भिंतीपलीकडून ऐकायचो.

"आणि तो जोर संपलाय म्हणालास तो कुणाचा?" आत्यानं विचारलं. "तीर्थयात्रेला कोण निघालंय?"

बिरनाळे साहेबांनी कप तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. मला हसू आवरेना म्हणून मी स्लाइड पुसायला घेतली. अण्णांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा उजेडात धरली. या वेळी हळू. आतल्या त्या दोऱ्याएवढ्या खोलीकडे ते बघत राहिले.

"एवढं बुजलंय?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही दात खाता म्हणून, अण्णा. सर म्हणाले, दात खाणाऱ्याचा दात आधी म्हातारा होतो. मी सांगत होते तुम्हाला."

"कधीपासून खातो मी?"

मला माहीत नव्हतं. उत्तर आत्यानं दिलं. "वहिनी गेली तेव्हापासून."

अण्णांनी स्लाइड टेबलावर ठेवली. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "तू गेल्यावर या घरात मी आणि ही पोर. दोन-चार वर्षांत पोर पण जाईल."

"हे बोलायचं होतंस की, दादा. दात कशाला मोजत बसलास?"

"हे कशानं मोजतात?" अण्णा म्हणाले.

आत्या त्यांच्या शेजारी बसली. तिनं त्यांच्या गुडघ्यावर एक चापट मारली. "बिऱ्हाड काही काशीला नाही करत आहोत आम्ही. स्टॅण्डच्या मागं आहे. रोज तुझ्या दारावरून जाणार मी. सकाळी तर पळतच जाणार."

"पळत कशाला? आता तर गाडी तुझ्या घरचीच."

"म्हणजे हो म्हणतोस?"

अण्णांनी बिरनाळे साहेबांकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं, शेत बघतात तसं. "तो डबीतला दात कापून बघितला असता तर काय निघालं असतं कुणास ठाऊक."

"दादा."

"हो म्हणतोय. हो. झालं? माझा दात मला परत द्या."

"अर्धा घासला मी, अण्णा."

"मग उरलेला अर्धा दे."

मी दिला. त्यांनी तो रुमालात बांधला आणि खिशात ठेवला. बिरनाळे साहेब उठून उभे राहिले, घसा खाकरला आणि आमच्या छोट्या खोलीत, स्टॅण्डवरच्या त्याच शांत, जाड आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. श्रीमती कुमुदिनी मगदूम यांना घेऊन जाणारी गाडी थोड्याच वेळात सुटत आहे. चालकाच्या टायरला काहीही झालेले नाही."

अण्णाही हसले, दातांवर हात धरून.

त्याच्या पुढच्या महिन्यात घरच्या घरी, चार माणसांत हार घातले. आत्या पाया पडायला वाकली तेव्हा अण्णांनी तिला अर्ध्यातच उचललं आणि म्हणाले, "माझ्या होकारासाठी थांबलीस, हे मी विसरणार नाही."

आत्यानं गळ्यातला हार उगाच सारखा केला. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.

*

कुमुदआत्या आणि बिरनाळे साहेब यांचं लग्न त्याआधीच्या चैत्रात, मिरजेच्या नोंदणी कचेरीत, तासगाव गाडीच्या चालकाच्या साक्षीनं लागलं होतं.